चार बोटं अंतर

बाबा,

तुमच्या नातवाला स्वतःचा डोळा फोडून घ्यायचा होता आणि त्याला कारण तुम्ही होतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायची पाळी यावी, हे माझं नशीब. ऑफिसात जेवणाची सुट्टी झालीय, सगळे खाली गेलेत, आणि मी चांगी विमानतळाजवळच्या या काचेच्या इमारतीत एकटी बसून तुम्हाला लिहितेय. कुणी पाहिलं तर म्हणेल, बाईला वेड लागलं. लागायचंच बाकी होतं. दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही.

झालं असं की पोराच्या इथल्या सक्तीच्या आर्मीतल्या मित्राच्या काकांचं न्यूझीलंडला मेंढ्यांचं फार्म आहे. तिकडच्या डोंगरात हरणं आणि रानडुकरं माजलीत, ती मारायला परवानगी असते, आणि हा शिकारीला निघाला. पाहुण्यांना लागतो तो परवानासुद्धा निघाला. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण त्या काकांनी विचारलं, कोणती रायफल देऊ, तर ह्यानं त्यांच्याकडची सगळ्यात दांडगी मागितली, थ्री हंड्रेड मॅग्नम. तुमची तीनशेपंधराची रायफल तिच्यापुढे पिचकारी. आणि वर बसवायला दुर्बीण बघतोय ती केवढी, तर चोवीस पट मोठं दाखवणारी. इथे असलं काही घरात आणायची सोय नाही, म्हणून थेट तिकडच्या पत्त्यावर मागवायची. अरे, डुक्कर निघणार झाडीतून, शंभर पावलांवर. चोवीस पटीत तुला त्याचं काय दिसणार, कान? म्हटलं, कमी पटीची घे, तीन ते नऊची खूप झाली, आणि डोळा मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशी घे. तर इथला ‘ला’ लावून म्हणतो, "मा, रिलॅक्स ला. मी आर्मीत मार्क्समन होतो."

मार्क्समन म्हणे, पक्का नेमबाज. आर्मीतली ती रायफल खांद्याला टपली मारते, टपली. आणि तिथली सवय कसली, तर डोळा काचेला चिकटवून नेम धरायची. शनिवारी दुपारी बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर पालथा पडून मला दाखवत होता. खांद्याला मॉपची दांडी, दांडीला रबरबँडनं बांधलेली फॉइलची रिकामी पुठ्ठ्याची नळी, आणि डोळा त्या नळीत. मी दांडी पुढून धरली आणि मागे ढकलली. नळी भुवईवर बसली. "आउच, मा!" म्हटलं, ही पुठ्ठ्याची आहे, ती धातूची असेल, आणि ढकलणारी तुझी आई नसेल. भुवई आणि काच यांच्यात चार बोटं अंतर. दस्ता खांद्याच्या खळग्यात, हाडावर नाही, आणि घट्ट. सैल धरलीस की बंदूक धावत येऊन मारते. चाप हळू दाब, कधी सुटला ते तुझं तुला कळता कामा नये. तुमचीच वाक्यं, बाबा, तुमच्याच आवाजात. पालथ्या घड्यावर पाणी. वर मलाच ऐकवतो, आजोबांकडे लहान गन होती म्हणून तर डुकरानं त्यांना फाडलं, म्हणून मला मोठी हवी. तुम्ही माझं तोंडच बांधून ठेवलं होतंत.

कारण तो दिवस मी पाहिलाय. रताळ्याच्या शेतात डुकरं यायची, आणि पोस्टमास्तरकीपेक्षा तुमचा जीव त्या शेतात जास्त. आतोबांनी मस्कतहून आणलेली दुर्बीण लेथवाल्याकडून रायफलवर बसवून घेतलीत आणि आठवडाभर रोज संध्याकाळी खाणीत जाऊन डब्यांवर बार काढलेत. परवान्यावर मिळणारी काडतुसं उधळून टाकलीत. खांदा काळानिळा झालेला. आई स्वयंपाकघरात आंबेहळद उगाळून लावतेय, आणि तुम्ही पाटावर बसून म्हणताय, काही नाही गं, सवय होईल. लेथवाला म्हणाला होता, मास्तर, दस्त्याच्या मागे रबर लावून देतो, दणका कमी बसेल. तुम्ही म्हणालात, रबर बायकांच्या चपलांना लाव. सगळे हसले. मीही हसले, मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

मग ती दुपार. आई मला डबा देऊन शेतावर पाठवते. मी वरच्या बांधावर पोचते तर तुम्ही खालच्या उतारावर पालथे, नळी चढाकडे, आणि रताळ्यात एक डुक्कर मजेत उकरत बसलेलं. मी श्वास धरून उभी राहते. मला तुमची उजवी बाजू स्वच्छ दिसते. दस्ता खांद्याला टेकलेलाच नाही. दुखऱ्या खांद्यापासून तुम्ही तो लांब धरलाय, मान आखडलीय आणि डोळे घट्ट मिटलेत. बार होतो, दुर्बीण येऊन भुवईवर आपटते, डुक्कर शेपूट वर करून पळतं. त्याला धक्काही लागलेला नसतो. मी तिथूनच मागे फिरले आणि ओढ्याच्या वाटेनं रेंगाळत घरी आले, तर अंगणात ही माणसं. तुम्ही स्टुलावर, भुवईत हळद दाबलेली, सदरा रक्तानं भिजलेला, आणि डुक्कर कसं अंगावर आलं ते सांगताय. आईनं माझ्या हातात भरलेला डबा पाहिला आणि पाठीत धपाटा घातला. "बाप मरता मरता वाचला, आणि हिला शेत सापडलं नाही!" मी म्हटलं, बाबा दिसलेच नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुढची गोष्ट सुरू केलीत. त्यानंतर गावात कुणीही बंदूक हातात घेतली की तुम्ही चार बोटं अंतर शिकवायचात. का, ते कधी नाही.

रविवारी मी ठरवलं, बास. तुमची अब्रू मोठी की पोराचा डोळा? आम्ही खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांत बसलो होतो, त्याच्यापुढे चिकन राइस, माझ्यापुढे कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी. म्हटलं, ऐक, डुक्कर अंगावर आलंच नव्हतं. आजोबांना दुर्बीण लागली होती. पोरगा भात चिवडत म्हणतो, "आय नो, मा."

"तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. प्रायमरी फाइव्हला होतो, डिसेंबरच्या सुट्टीत. मला हात लावून बघायला दिला तो स्कार. आणि म्हणाले, यू वेअर देअर. तू सगळं बघितलं, पण कोणाला नाही सांगितलं. तुझी आई पोटात ठेवणारी आहे, असं म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला बांधावर पाहिलं होतंत आणि तरी धपाटा खाऊ दिलात. माझं लग्न झालं, मी इथे आले, दर सुट्टीला येऊन तुमच्याशेजारी बसत राहिले, तेव्हा एकदाही विषय काढला नाहीत. आणि सांगायचं कुणाला, तर शेंबड्या पोराला. बरं, त्यालाही खरं सांगितलंत का? तो म्हणतो, "पण आजोबा म्हणाले, स्कोपच भिकार होता. स्वस्तातला. मी चांगला घेतोय ना."

मग मात्र माझा तोल गेला. "स्कोप चांगला होता," मी म्हटलं. "आजोबा घाबरले होते." शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा वळून बघायला लागले. म्हटलं, आठवडाभर दणके खाऊन त्यांच्या मनात बंदुकीची धडकी भरली होती, आणि ती कबूल करण्यापेक्षा डुक्कर सोपं होतं. रबर लावलं असतं, हलका बार घेतला असता, दोन दिवस खांद्याला विसावा दिला असता, तर काही झालं नसतं. पण लोक काय म्हणतील! ती तुझी मॅग्नम तुला झेपणार आहे की मित्रांना दाखवायला हवीय, ते एकदा सांग.

त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, "मलापण भीती वाटते, मा." मराठीत. हा पोरगा माझ्याशी इंग्रजी न मिसळता एक अख्खं वाक्य बोलला की मला वाटतं, ताप आला असेल. मित्रांनी सगळ्यांनी मोठीच मागितलीय, म्हणाला, मी एकटाच लहान कशी मागू? मी खुर्ची सरकवून त्याला जवळ घेतलं, भर हॉकर सेंटरमध्ये, तेवीस वर्षांच्या घोड्याला. त्यानं घेऊ दिलं. तिथूनच त्यानं काकांना मेसेज केला. काकांचं उत्तर आलं की हलकी रायफल आहे, कमी पटीची दुर्बीण आधीच बसवलेली आहे, आणि मी स्वतः तीच वापरतो. आज सकाळी विमानात बसला.

इतकी वर्षं सांभाळलेली तुमची गोष्ट मी एका कोपीच्या कपावर संपवली. खरं म्हणजे त्याची माफी मागायला बसले होते. आता नाही मागणार. तुम्ही ते एक वाक्य त्याच्यासारखं सरळ बोलला असतात, तर आईनं तुम्हाला काय हाकलून दिलं असतं?

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि माणसं जेवून वर यायला लागलीत, तेव्हा एवढंच. मी पोटात ठेवणारी वगैरे काही नाही, बाबा. त्या दुपारी बार झाल्यावर तुम्ही रायफल टाकून तोंड धरून बसलात आणि हमसून हमसून रडायला लागलात. मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून पळाले.