उजव्या गालाचा तपास

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचं पोट, वहिनींची कंबर आणि आईंचा गुडघा ही तिन्ही ठिकाणं शांत असावीत अशी इच्छा. (आईंना माझा नमस्कार वेगळा सांगा. ऐकून त्या खोलीतून उठून गेल्या तर आग्रह करू नका.) इकडे आम्ही जिवंत आहोत, त्यापलीकडे कळवण्यासारखं काही नाही. एक विनंतीही आहे, पण ती लिहायचा धीर अजून होत नाही, म्हणून आधी हकिकत.

ठकूच्या उजव्या गालावर पुरळ आलं हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्या आई माझ्या घरून तुमच्याकडे आल्या त्या त्यावरूनच. आधी मोहरीएवढे दाणे, मग लाल चट्टा, मग अडीच वर्षांची पोर झोपेतही गाल ओरबाडू लागली आणि उशीवर रक्ताचे ठिपके दिसू लागले. तुमची बहीण दोनदा म्हणाली की डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, आधी घरच्या घरी बघतो. माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. अडलेलं कुलूप समोर आलं की जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघायची, घाई करायची नाही, जोर लावायचा नाही. तीच रीत मी घराला लावली. एकेक वस्तू काढायची, चार दिवस थांबायचं, गाल बघायचा. पहिल्यांदा साबण गेला. मग अंडं, मग लोकरीची टोपी, मग कापडी ससा (त्याच्यासाठी दोन दिवस रडारड), मग शेजारणीचं मांजर. मांजर आमचं नव्हतंच, तरी मी त्याला आमच्या घरात बंदी केली, आणि तेव्हापासून जिन्यात मी दिसलो की शेजारीण भिंतीकडे तोंड करून उभी राहते. एखादी वस्तू निर्दोष ठरली म्हणून मी ती परत आणली नाही. संशय एकदा आला की आला. महिन्याभरात घर इतकं मोकळं झालं की बोललेलं घुमायला लागलं. गाल होता तसाच.

उरलं आईंचं तेल, पुरळावर त्या चोळायच्या ते. (निळी बाटली. त्यात काय काय उकळलंय ते त्या कुणालाही सांगत नाहीत, मुलीलासुद्धा नाही.) इथे मी जरा जपून बोलायला हवं होतं. जेवताना म्हणालो, "आई, पोरीचे हे हाल तुमच्या तेलानं केलेत." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून बाटलीचं बूच घट्ट केलं, बाटली फडताळात अगदी मागे सारली आणि पिशवी भरायला घेतली.  तुमची बहीण अजूनही मला भाजीत मीठ पुरे का, एवढंच विचारते. मला वाटलं, आता गाल बरा होईल आणि सगळे मला मानतील. गाल चिघळला.

मग दुकानाचं शटर वर ढकलताना माझा डावा खांदा आखडला. ठकूला मी उजव्या खांद्यावर घ्यायला लागलो. आठवडा झाला आणि तिचा उजवा गाल सुकला, डाव्यावर दाणे उठले. तेव्हा मात्र घाबरून तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोरीकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे चारदा. दुकानातून घरी येता तेव्हा काय करता, असं विचारलं. मी सांगितलं, दारातच उचलतो तिला, हातपाय धुवायलाही थांबत नाही. ती मान टाकते, गाल खांद्याला घासते. दिवसातली माझी तेवढीच चैन. बाईंनी माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं. बोट चमकायला लागलं. घासलेली प्रत्येक किल्ली मी खांद्यावरच्या फडक्याला पुसतो, खांदा दुखायला लागल्यावर फडकंही दुसऱ्या खांद्यावर गेलं होतं. किल्लीवरचा निकेल धातू काही लेकरांच्या कातडीला सोसत नाही म्हणे.

दादा, किल्ली हरवलेल्या कुलपात मी कोरी किल्ली घालून फिरवतो. जिथे अडते तिथे तिच्यावर ओरखडा उठतो, तो बघून कानस चालवायची. वीस वर्षं ओरखडे वाचून पोट भरतोय. माझ्याच पोरीच्या गालावर एवढा ढळढळीत ओरखडा उठला, आणि मी सशाला हाकललं. काखेत कळसा म्हणतात, माझा खांद्यावर होता.

आता दोन्ही गाल बरे आहेत. बरं वाटत नाहीये ते मला. तुमची बहीण संध्याकाळच्या पाळीला निघते तेव्हा मी दारात पोचतो, ती पोर सोडून जिना उतरते. ठकू हात वर करते आणि मी हात मागे बांधून, चोरासारखा तिच्या बाजूनं मोरीत शिरतो. पाव तास अंघोळ, कपडे बदलणं. ती बाहेरून दार बडवते. चार दिवसांपूर्वी दार बडवणं थांबलं. बाहेर आलो तर ती कोपऱ्यात चमच्यांशी खेळत होती. मी हात पुढे केले, तिनं चमचा दिला. तेव्हापासून मी घरी आलो की हात वर करत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा,
कुलूपवाला

ता. क. विनंती ही की आईंना पाठवा. तो पाव तास पोरीला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं. हे निमित्त झालं. चुकलं माझं. एवढे दोन शब्द त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, बाकीचं पत्र दाखवलं नाहीत तरी चालेल.

आणखी एक. हे आईंना सांगू नका. तेल निर्दोष आहे याची खात्री पटावी म्हणून काल मी स्वतः हात घासून धुतले, बाटली काढून ठकूच्या पाठीला तेल चोळलं. आज सकाळी पाठभर पुरळ. बाटली दुकानात नेऊन कुलपात ठेवली आहे, त्या आल्या की माझ्या हातून फुटली असं सांगेन. त्यांनी यावंच. पाठ खाजते म्हणून ठकू सकाळी आपणहून माझ्याकडे आली आणि हात वर केले. मी धुतलेल्या शर्टात होतो. उचलली.