शशीभावजींचा कॅच

स्लाऊ,
ऑगस्ट १९९३

प्रिय शशीभावजी,

फोन उचलला आणि परत ठेवला. माझा आवाज ओळखून तुम्ही गप्प झालात तर, ही भीती. म्हणून पत्र. एकदा स्लाऊला या, एवढंच मागायचंय, पण कारण लिहायला हात धजत नाही. मघापासून उठतेय, बसतेय, केलेला चहा गार झालाय.

मे महिन्यात आपल्या मराठी मंडळाची क्रिकेट मॅच झाली. भजी तळायला मी होतेच. माझ्या मदतीला आलेल्या आशाच्या हातून प्लेट निसटली, तर सगळी पोरं ‘शशी झाला, शशी झाला’ म्हणून ओरडली. तुमची ती फायनल झाली तेव्हा यातली निम्मी जन्मलीही नव्हती. झारा टाकून एकेकाचे कान उपटावेसे वाटले मला.

माणसांची आठवण भलतीच सोयीची असते हो. चौऱ्याऐंशीची फायनल, शेवटचा बॉल, उंच उडालेला कॅच तुमच्या हातून सुटला, आपण हरलो. बस्स, एवढंच लक्षात. त्याआधीच्या ओव्हरला कॅप्टनसाहेबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, वाइडवर वाइड टाकले ते कुणालाच आठवत नाही. चंद्रशेखर धावता धावता मध्येच थांबला आणि रनआउट झाला, तो आज मंडळाचा अध्यक्ष आहे! आणि तुम्ही तर हॉस्पिटलमधली रात्रपाळी संपवून आला होतात. झोपू दे म्हणत होतात. एक गडी कमी पडतोय म्हणून ह्यांनीच तुम्हाला गाडीत कोंबून आणलं. वाटेत माझ्या भज्यांच्या पिठाच्या डब्यावर मान टाकून तुम्ही घोरत होतात.

पण दर दिवाळीला ह्यांनी तो किस्सा रंगवला. दर वर्षी कॅच थोडा सोपा व्हायचा. शेवटी शेवटी तर बॉल अलगद तुमच्या ओंजळीत येऊन बसला होता म्हणे! लोक पोट धरून हसायचे. त्या एका दिवाळीला तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात, तुमच्यापाठोपाठ सुप्रभानंही कोट घातला. ह्यांनी निदान दारापर्यंत तुमच्यामागे यायला हवं होतं. आले नाहीत. मला फार राग आला होता, अजूनही आहे. पुढे तुम्ही गाव सोडून ॲबर्डीनला गेल्याचंही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं.

भावजी, जुलैमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता घरी आणलंय. तोंडातून एकच शब्द फुटतो, ‘शशी’. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, पद्माकर कॅचचा किस्सा सांगतोय. ते हसतात, खांदा थोपटतात आणि उरलेला किस्सा आपणच पुरा करतात. हे मान हलवत राहतात, चालत्या हातानं पलंगावर मारत राहतात. काल ती मंडळी गेल्यावर ओक्साबोक्शी रडले. माफी मागायला ह्यांच्यापाशी तुमच्या नावाशिवाय दुसरा शब्द उरलेला नाही. तो ऐकायला तुम्ही या.

तुमचीच,
सुलक्षणावहिनी