बोल्टाखालचा रंग

बाबा,

आज सकाळी आमच्या संस्थेची जीप सावनेरच्या बाजूच्या गावांकडे निघाली. तिच्या मागे दोन चाकांवरची एक छोटी खोली जोडली आहे. आत पलंग, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट. डॉक्टरीणबाई आणि नर्स आठवडाभर तिच्यातच राहणार. त्या खोलीच्या मागच्या दिव्यांचं कनेक्शन मी केलं आहे. वायरमन दोन दिवस येतो येतो म्हणाला आणि आला नाही, गावांना तर तारीख कळवलेली. मी पाना घेऊन खाली शिरले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमी बीए झाल्या ना? मंग हे काहून करून राहिल्या?" मी सांगितलं, कामठी रोडवर माझ्या बाबांचं याच कामाचं दुकान होतं. "बाबाचं होतं," तो म्हणाला. "तुमचं थोडीच होतं."

हातांना मात्र सगळं आठवत होतं. डावा, उजवा, ब्रेकचा, मागचा लाल, आणि पाचवी अर्थिंगची तार, करंट परत नेणारी. तुम्ही ट्रॅक्टरखाली आडवे आहात, नुसते पाय दिसतात, आणि आवाज येतो, "हुकाचं काम ओढायचं, वं. त्याच्या भरवशावर करंट सोडू नको. गाडी उभी असली की दिवा लागते, खड्ड्यात हुक हलला की बुजते. बोल्टाखालचा रंग खरवड, लोखंड चमकू दे, मंग तार कस." मी नववीत आहे. कापसाच्या ट्रॉलीची बाजू तुम्ही माझ्याकडे दिली आहे. "झालं?" तुम्ही विचारता. "झालं," मी म्हणते. दिवे लागतात. मी रॉकेलनं हात पुसून शाळेत पळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाला दुकानात आला. अंधार पडल्यावर वाटेत ट्रॉलीचे दिवे गेले होते. मागून आलेला कोळशाचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. कापसावर त्याची बायको बसलेली होती. चार लोकांसमोर तुम्ही म्हणालात, "माझा हात चुकला, भाऊ." बोल्ट खोललात तर खाली हिरवा रंग तसाच. तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "विसरली काय, वं?" मी मान डोलावली. रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेतलात. "तुह्या डोक्यात पुस्तकं आहेत. दोन्ही नाही होत. तू शिक." त्यानंतर मला दुकानात कामाला बसू दिलं नाहीत, आणि दोन वर्षांनी तुम्हीच गेलात. आई अजून येईल त्याला सांगते, बाबानं पाना सोडवला म्हणून पोरगी बीए झाली.

आज सगळे दिवे लागले. "जमलं की, ताई," ड्रायव्हर म्हणाला. डॉक्टरीणबाई जीपमध्ये बसल्या होत्या, उशीर होत होता. मी थांबवलं आणि बोल्ट पुन्हा खोलला. खाली लोखंड चमकत होतं. तासाभरापूर्वी मीच खरवडलं होतं, मला ठाऊक होतं, तरी पाहिलं. "सोतावर भरवसा नाही काय?" त्यानं हसून विचारलं. मी बोल्ट पुन्हा कसला.

आता ऊन उतरलं आहे. रजिस्टर समोर उघडं आहे, एक ओळ पुढे सरकत नाही. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की उठून दारात जाते. जीपमधले या वेळी एका गावाहून दुसऱ्या गावी निघाले असतील, दिवे लावले असतील. शनिवारी परत येतील तोवर मला काही कळायचं नाही.

हा कागद मी तुमच्या पान्यांच्या डब्यात तळाशी ठेवीन. आईला वाचून दाखवणार नाही, तिच्या गोष्टीला धक्का लागेल. तुम्ही विसरण्याला माफ केलंत. बाबा, मी विसरले नव्हते. प्रार्थनेची घंटा चुकेल म्हणून रंग तसाच ठेवला, आणि झालं म्हणाले.