बाबांच्या नावाची हाक

कॉनेमारा, सोमवार

प्रिय कोलमदादा,

ज्याला हाक मारायची तो माणूसच गेल्यावर त्या हाकेचं काय करायचं असतं? आपल्या आयरिश भाषेची पदवी घेऊनही मला हे सांगता येत नाही. असो. तू, वहिनी आणि बाळ बॉस्टनच्या थंडीत सुखरूप असाल. मी बरी आहे. (घरात एकटीच असल्याने याला हरकत घेणारं कुणी नाही.)

गेल्या आठवड्यात मी गावच्या सभागृहात आपल्याकडच्या नावांवर व्याख्यान दिलं. घरातली पहिली पदवी गावाच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू. सात जण आले, त्यातले चार पत्त्यांचा डाव आहे असं समजून. उदाहरणाला मी बाबांचंच नाव घेतलं. कोनल, म्हणजे शिकारी कुत्र्यासारखा बलवान. (शेजारच्या चिमुकल्या टेरिअर कुत्र्याला भिऊन बाबा मागच्या वाटेने घरी यायचे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बराच वेळ हशा थांबेना.) मग मी समजावलं की माणसाबद्दल बोलताना आपण 'कोनल' म्हणतो, पण त्यालाच हाक मारताना नाव बदलतं, 'अ खोनिल' होतं. म्हणून दाखवताना खरीच हाक मारली गेली, आणि मी सगळ्यांसमोर रडायला लागले. बाबा गेल्यापासून वर्षभरात ते रूप तोंडी आलंच नव्हतं.

शेजारच्या बाबीन मावशीने मला सावरलं, तिच्या पद्धतीने. "रडतेस काय वेडे? पहिल्या नातवाला आजोबाचं नाव जातं. कोलमला मुलगा झालाय ना, मग तो कोनलच. का तिकडे जाऊन रीतभातही विसरला तुझा भाऊ?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाळाचं नाव कळवणारं तुझं कार्ड माझ्या पर्समध्येच होतं, त्यावर ठसठशीत 'जेडन'. (नाव गोड आहे. उगम तीन कोशांत शोधला, मिळाला नाही.) मी म्हटलं, दादाला विचारून सांगते.

पण मी विचारणार नाही. बाळाचं नाव ठेवणं हा आईबापाचा हक्क, हे मी तत्त्व म्हणून मानते.

तुझी,
सोरका

ता. क. वहिनीसाठी बटाट्याच्या पोळ्यांची कृती सोबत आहे. माप चौघांचं आहे. एकटीचं मला अजून जमत नाही.

ता. क. २. उन्हाळ्यात या, महिनाभर तरी. आणि निघण्याआधी वहिनीला नीट समजावून ठेव. 'विचारून सांगते' असं मी म्हणालेच नव्हते. 'हो, कोनलच' म्हणाले. काल चर्चमध्ये फादरनी कोनलच्या कोलमच्या कोनलसाठी प्रार्थना केली, आणि आमेन म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.