दिवा कायद्यानेच लागेल

२ जून
आजपासून रोजनिशी. कायदा झाल्यावर लोक विचारतील, हे सगळं सुरू कुठून झालं. तेव्हा आठवत बसायला नको. कायदा असा: गाड्यांच्या कंपन्यांनी आपल्या कॉम्प्युटरची कुलुपं माझ्यासारख्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांसाठी उघडायची. हल्ली साधा दिवा बदलला तरी गाडी कंपनीची परवानगी मागते. कायदा आला की गॅरेजपुढे रांग लागेल. रांगेला दोरी बांधावी का, विचार चालू आहे.
आज गिऱ्हाईक एक. पत्ता विचारायला आला होता, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. चिडून सांगितला, पण बरोबर सांगितला.

५ जून
मास्तरांच्या गाडीला नवा हेडलाइट बसवला. गाडी म्हणते, मी ह्याला ओळखत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरने ओळख करून दिल्याशिवाय लागणार नाही. अरे, दिवा आहे की जावई?
मास्तर रिटायर्ड, सज्जन. माझं शेवटचं कायमचं गिऱ्हाईक. त्यांना धीर दिला की महिन्याभरात कायदा येतोय, तोवर गाडी उजेडात चालवा. म्हणाले, बहिणीला संध्याकाळी कामावरून आणायचं असतं. बहिणीने लवकर सुटावं, असं सुचवलं.

९ जून
जागामालक येऊन गेला. जागा पुढे ठेवणार, हो की नाही ते महिनाअखेर सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणे. बायको म्हणाली, कायदा येईल तेव्हा येईल, तोवर ऑइल बदला, हवा तपासा, लहानसहान कामं घ्या. पटलं. संकल्प: गाडीची निगा हा विभाग आजपासून सुरू.
दुपारी: एक बाई ऑइल बदलायला आल्या. त्यांना निगेविषयी माझी मतं सांगायला घेतली. ऑइल वेळेवर, टायरमध्ये हवा मोजून, आणि इंजिनाचा आवाज रोज सकाळी आईच्या मायेने ऐकायचा. आवाजापर्यंत पोचलो तर त्या गाडी सुरू करून निघून गेल्या. ऐकायलाच गेल्या असाव्यात.

१४ जून
मिस्त्री गेला. गॅरेज उघडलं त्या दिवसापासून बरोबर होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागला. ट्रेनिंग देतात, युनिफॉर्म देतात. म्हणाला, मालक, तुम्हीपण चला. मी हसलो.
तो गेल्यावर त्याचं स्टूल इकडून तिकडे हलवत बसलो. कुठेही ठेवलं तरी रिकामंच दिसतं.

२० जून
विधेयकावरच्या समितीचं बोलावणं! सगळ्या गॅरेजवाल्यांतर्फे एकटा मी बोलणार. बाकीच्यांना कामं होती म्हणे. कामात बुडालेल्या माणसाला दूरदृष्टी नसते.

२२ जून
विधेयक वाचलं. म्हणजे आमच्यापुरतं कलम वाचलं. बाकीची पानं गाडीमालकांबद्दल आहेत, त्यांची ते वाचतील.
बायकोने भाषणाची तालीम ऐकली. म्हणाली, कुलूप उघडा एवढंच बोला आणि खाली बसा. विचारल्याशिवाय बोलू नका, आणि विचारलं तरी थोडंच बोला. तिला सभेची कल्पना नाही. पुढे म्हणाली, हे फसलं तर शटर खाली ओढायचं, माझ्यात आता त्राण नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, म्हणून भीती वाटली.

२७ जून
सुनावणी. भाषण अप्रतिम. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी विचारलं, गाडीमालकाने आपली गाडी घरी स्वतः दुरुस्त करावी, हेही तुम्हाला मान्य असेलच ना? विधेयकात तेही आहे म्हणे.
डोळ्यांपुढे मास्तर आले, हातात स्क्रू-ड्रायव्हर. रक्त खवळलं. घरोघर दुरुस्ती व्हायला लागली तर माझ्याकडे कोण येणार? हे अर्थात बोललो नाही. जे बोललो ते जनहिताचं. ब्रेक म्हणजे खेळ नव्हे; ज्याला कंपनीने शिकवलं नाही त्याने गाडीला हात लावता कामा नये! टेबलही आपटलं.
सगळ्यात जास्त टाळ्या कंपनीच्या लोकांनी वाजवल्या. विरोधकसुद्धा जिंकले! त्यांच्या वकिलाने स्वतः येऊन हात मिळवला, ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.
संध्याकाळी: बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला कंपनीने कधी शिकवलं? हा प्रश्न तिथे कोणी विचारला नव्हता.

३० जून
विचारला. समितीने विधेयक परत पाठवलं. कारण दिलंय की, कंपनीचं ट्रेनिंग नसलेल्यांच्या हाती किल्ल्या देणं धोक्याचं आहे, असं खुद्द गॅरेजवाल्यांच्या प्रतिनिधीचंच मत पडलं. पेपरात माझा फोटो. फोटो बरा आलाय.
बायको एवढंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. बाकीच्या गॅरेजवाल्यांचे फोन आले. दूरदृष्टी नसली तरी शिव्या भरपूर आहेत त्यांच्याकडे.
खुलासा लिहायला बसलो. ‘माझ्या म्हणण्याचा अर्थ असा की...’ इथपर्यंत आलो आणि पुढे काही सुचेना. जागामालक दारात उभा होता. त्याला नाही म्हणालो.

४ जुलै
मास्तरांची गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, मास्तर बरोबर. केवळ पाहणी म्हणून. मिस्त्रीने वायर जोडली, दोन बटणं दाबली, दिवा लागला. मी बॉनेटकडे वाकलो तर त्याने हळूच दंडाला धरून मागे घेतलं. म्हणाला, मालक, पिवळ्या रेषेच्या आत बाहेरच्यांना परवानगी नाही. अजून मालकच म्हणतो. मला खुर्ची दिली, चहा दिला. गिऱ्हाइकासारखा बसून प्यालो.
मास्तर आभार मानून बहिणीला आणायला गेले. आभार मिस्त्रीचे. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, चिडलेसुद्धा नाहीत.
मिस्त्री म्हणाला, गाड्या धुवायला माणूस हवाय, त्याला ट्रेनिंग लागत नाही. मी ताठ मानेने सांगितलं, विचार करून कळवतो. गेटपर्यंत गेलो.
मग परत फिरलो. सकाळी किती वाजता यायचं, ते विचारायचं राहिलं होतं.