शेरीफ, माझा मोबाइल आणि एकोणीस पाट्या

चि. आर्विड यास हुल्डाताईचे भरघोस आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (डॉक्टर सांगतो तसा लिही, तू सांगतोस तसा नको.) इकडे आनंदीआनंद, कारण मी खटला जिंकले!

शाळामंडळाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या मर्ल स्टोकेच्या प्रचाराच्या एकोणीस पाट्या आमच्या रस्त्यावरच्या अंगणांतून एका संध्याकाळी नाहीशा झाल्या. शेरीफ ड्वेनने (तोच, ज्याला मी तिसरीत दोनदा बसवला) त्या तासाभरात रस्त्यावर असलेल्या सगळ्या मोबाइलची, कोण कुठे किती थांबले अशी यादी फोन कंपनीकडून मागवली. कोर्टाची परवानगी घ्यायचे साहेबांना सुचले नाही. यादीप्रमाणे मी प्रत्येक अंगणाशी थांबले होते, म्हणून खटला माझ्यावर. (म्हातारीने दम खाऊ नये काय?) साखर सोडल्याचे जाहीर केलेले आमचे पाद्रीही चाळीस मिनिटे डोनटच्या दुकानात सापडले. मग मात्र गाव पेटले. एकमेकांचे तोंड न बघणारे दोन्ही पक्षांचे लोक कोर्टात एका बाकावर बसले.

शिक्षा झाली असती तर मतदान केंद्रावरचे माझे अठ्ठावीस वर्षांचे काम सुटले असते. आमचे हे गेल्यापासून मला तेवढेच आहे, खोटे कशाला सांगू? शेजारणींनी तर मयताच्या घरी आणतात तशी हॉटडिशची, म्हणजे भाजलेल्या बटाट्या-मांसाची, भांडी आणून ठेवली होती.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "चोर एक, आणि झडती त्रेसष्ट जणांची?"

"बाईसाहेब, खिशात हात कुठे घातला? नुसती यादी बघितली," ड्वेन म्हणाला.

"नुसती म्हणे!" पाद्री मागून ओरडले.

यादी बाद, खटला खलास! बाहेर ड्वेनने गाठले. "बाई, खरं सांगा, तुम्हीच ना?" मी म्हटले, "आधी हात वर कर, मग प्रश्न विचार." त्याने केला रे!

तुझी,
हुल्डाताई

ता. क. तुझ्या होडीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पाट्या आहेत. ओरडू नकोस. शाळामंडळाला उभा राहतो आणि 'स्कूल'मधला 'एच' खातो! मला रोज बघवेना. सोबतच्या निळ्या रंगाने 'एच' घाल आणि रविवारी सगळे चर्चमध्ये असताना पाट्या जागच्या जागी लाव. मोबाइल घरी ठेव.

आणखी एक. माझे मत मर्ललाच आहे. दुसरा उमेदवार शाळेतले वाचनालय बंद करायला निघालाय. पाट्यांवाचून मर्ल पडला, तर त्यातून मला कुठलेच कोर्ट सोडवणार नाही. लवकर कर, बाळा.