अठ्ठावीस तारखेला माझं वजन आहे

दहिसर,
ता. ९ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप जानकीअक्का हिस,

धाकट्या काशीरामचा दंडवत. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि दारची म्हैस, तिघांची खुशाली कळव. इकडे तुझी भावजय मजेत आहे. मी मात्र खाऊन खाऊन टेकीला आलोय.

हर्नियाचं ऑपरेशन करायचं तर आधी चरबी उतरवा, असं डॉक्टरने बजावलं होतं, ते तुला ठाऊक आहे. पाच महिने उकडलेला दुधी खाऊन (दुधी देवाने रागाच्या भरात केला असावा) मी अठरा किलो उतरवले. पंचाहत्तरच्या आत यायचं होतं, आलोही होतो. परवा सोमवारी काटा सत्त्याहत्तरवर! डॉक्टर म्हणाला, अठ्ठावीस तारखेला असेच आलात तर तुमची खाट दुसऱ्याला देईन. ही खाट मिळायला आठ महिने लागलेत गं.

दोन किलो आले कुठून? चाळीतून. मी जाडा होतो तेव्हा हीच माणसं 'रेशनवर हा एवढा फुगतो कसा' म्हणून हसायची. एका माईच्या लालाने कधी चहाबरोबर खारी पुढे केली नाही. आता गाल बसले, तर दारात रांग. आपल्या वाडीच्या सरूबाई रेशनची साखर घालून शिरा आणतात आणि माझा शेवटचा घास उतरेपर्यंत उंबऱ्यावर ठाण मांडून बसतात. समोरची मालन घावनं आणते, वर आजार लपवू नये असा उपदेश. खालचा धोंडू तर काही खायची इच्छा राहिलीय का, असं थेट विचारून गेला. (मेल्या, अजून आहे मी.) नको म्हटलं की म्हणतात, बघा, अन्नावरची वासनाही गेली.

त्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्या आईची शिकवण तुझ्या भावजयीने फारच मनावर घेतलीय. सरूबाईंचा शिरा मालनच्या डब्यात, मालनची घावनं सरूबाईंच्या टोपात. भरलेलं भांडं आलं की त्याही भरूनच परत पाठवतात, कारण त्यांनाही आया होत्या. बुधवारी निघालेला शिरा तीन बिऱ्हाडं फिरून शुक्रवारी सरूबाईंच्याच घरी पोचला. त्यांनी आपले बेदाणे ओळखले. दोन दिवस बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी दुप्पट शिरा, आणि खाऊन झाल्यावर तोंड उघडून दाखवायचं.

भावोजींना नमस्कार.

तुझा (उरलेला)
काशीराम

ता. क. सरूबाईंना वाचता येत नाही. त्यांची पत्रं चाळीतला भिकाजी वाचून देतो. तो गावी गेलाय, म्हणून कालचं पत्र त्या माझ्याकडे घेऊन आल्या. अक्षर तुझं! "काशीला दोन घास जास्त घाला, नको म्हणाला तरी ऐकू नका, आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका." मी वाचलं, 'काशीला काहीही देऊ नका.' सरूबाई म्हणाल्या, "जानकी असं लिहायची नाही," आणि पत्र काढून घेऊन गेल्या.

आणखी एक. खालची ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नाही. जत्रेला आलो तेव्हा माझ्या सदऱ्यात तुला शेवटच्या महिन्यातले बाबा दिसले म्हणतेस. अक्का, मी तसा आजारी नाही गं. देवाशपथ नाही. भिकाजी रविवारी परततोय, तेव्हा सरूबाईंना नवं पत्र टाक, काशीला खाऊ घालू नका म्हणून. आणि टाके निघाले की तू स्वतः ये, तुझ्या हाताने भरव. नको म्हणालो तर मुस्काटात मार.